गमछ्याचं दुसरं टोक

"कायचं भेव लागते तुमाले?"

डोमाजी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पहिला प्रश्न हाच विचारत. नाव नंतर, गाव नंतर, चहासुद्धा नंतर. पाहुणा पुण्याचा असो की बंगळुरूचा, गळ्यात हातभर लेन्स लटकवलेली असो की नुसता मोबाइल, डोमाजी त्याच्या पुढ्यात उभे राहायचे, थेट तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे. लोक हसायचे. कोणी सापाचं म्हणे, कोणी पालीचं. एकाने "बायकोचं" म्हणून सगळ्यांना हसवलं, तर डोमाजी गंभीरपणे म्हणाले, "ते घरी. इथं कायचं?" तो माणूस मग विचारात पडला आणि जरा वेळाने हळूच म्हणाला, "अंधाराचं." डोमाजींनी मान हलवली. त्यांना तेच हवं होतं.

आणि एखाद्याने छाती पुढे काढून सांगितलं की मला बुवा कशाचीच भीती वाटत नाही, तर डोमाजी वाद घालत नसत. त्याला रांगेत सगळ्यात शेवटी उभं करत.

सगळ्यात भित्रं माणूस मात्र त्यांच्या लगेच मागे. हा त्यांचा नियम होता आणि तो कोणासाठी मोडत नसे. खांद्यावरचा लाल चौकड्यांचा गमछा काढायचा, एक टोक स्वतःच्या डाव्या मनगटाला गुंडाळायचं, दुसरं त्या भित्र्याच्या हातात द्यायचं. "भेव लागलं का ओढा," ते सांगत. "बोलू नका. खोकलू नका. नुसतं ओढा."

ते दुसरं टोक इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा माझ्या हातात राहिलं.

माझा गोंदियात फोटोस्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, दुकानांची उद्घाटनं. जंगलाचं आणि माझं जमावं असं काहीही माझ्यात नाही. मी जन्माचा भित्रा. भर दुपारी स्टुडिओचं शटर खाली ओढतानासुद्धा मी एकदा मागे वळून बघतो. पण प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला तशी माझ्या दुकानातली गर्दी ओसरली, आणि नागपूरच्या एका मित्राने डोक्यात भरवलं की बाहेरच्या हौशी लोकांना आपला मुलूख दाखव. नवेगाव बांधचा तलाव, इटियाडोह धरणाचं पाणी, चिचगडचं जंगल, धानातले सारस. फोटो कसा काढायचा ते तू सांग, पाय कुठे ठेवायचा ते गावचा एखादा माणूस सांगेल. तो गावचा माणूस म्हणजे डोमाजी.

नवेगाव बांधपासून आत, जंगलाला लागून त्यांचं गाव. ते कोहळी, म्हणजे तलाव बांधणाऱ्यांच्या कुळातले. गावच्या तलावाची ती लांबलचक मातीची पाळ, म्हणजे बांध, दाखवताना ते म्हणत, "आमच्या आज्याच्या आज्यानं घातली," आणि ते अशा सुरात की जणू मागच्याच उन्हाळ्यात घातली आणि अजून मजुरांचं जेवण व्हायचं आहे. साठीचं वय, उंच, वाळलेलं अंग. पाळ सुरू होते तिथे एक मोहाचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी ते चपला काढून ठेवत आणि पुढचं सगळं अनवाणी चालत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पायाले समजते."

त्यांच्या बाकीच्या सवयी लोकांना चढेलपणाच्या वाटत. भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसत नसत. तुम्ही बोलत असताना नजर तुमच्या ओठांवरून हलवत नसत, त्यामुळे बोलणारा उगाचच गोंधळायचा. बोलून झालं की हमखास म्हणत, "पुन्हा सांगा. घाई नोको." फोनला हात लावत नसत. "मानूस दिसत नाही, मंग बोलाचं का?" असा त्यांचा सवाल. फोन त्यांची बायको शेवंताबाई घेई. शेवंताबाईंचं हसणं पाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. परसात साप निघाला तरी हसायच्या आणि झाडूने बाजूला सारायच्या.

चिचगडच्या बाजूची एक सकाळ सांगतो, म्हणजे त्या नियमाचा अर्थ कळेल. मोहफुलांचे दिवस, जमिनीवर पाचोळ्याचा थर. नाशिकच्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. नेहमीचा प्रश्न झाला, तशी त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "मला सगळ्याचीच भीती वाटते हो. मी यायलाच नको होतं." डोमाजींचा चेहरा असा उजळला की लग्नघरात हवा तो पाहुणा आल्यावर उजळावा. मला बाजूला करून त्यांनी गमछ्याचं टोक बाईंना दिलं. सगळ्यात मागे एक धिप्पाड इंजिनिअर होते, कशालाच न भिणारे.

कोरड्या नाल्याशी आलो. बाईंचा हात एकदम मागे गेला, गमछा ताणला गेला आणि डोमाजी जागच्या जागी थांबले. दुसरा हात वर. आम्ही सगळे थिजलो. मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग पाचोळा चुरचुरला, कोणीतरी नाकातून जोरात हवा ओढली, आणि आम्ही चार पावलांनी जिथे पोचलो असतो तिथून एक अस्वल पाठीवर पिल्लू घेऊन नाला ओलांडून गेलं. त्याचा वास कितीतरी वेळ हवेत राहिला. 

"बाईनं वाचवलं," डोमाजी म्हणाले. "मी नाही."

इंजिनिअर मागून पुढे येत म्हणाले, "आवाज मीही ऐकला होता."

"मंग ओढलं काऊन नाही?"

"माझ्या हातात कुठे होता तुमचा गमछा?"

"तुमी भेत नाही ना. म्हून नव्हता."

वाघाचंही असंच. एका सकाळी पाळीवर ऐन वाटेत वाघ बसलेला. आम्ही पाच जण, दोन्हीकडे उतार, एकीकडे पाणी, एकीकडे जंगल. डोमाजी थांबले, पाय रोवून उभे राहिले आणि शेजारच्या शेतातल्या माणसाशी बोलावं तसे बोलायला लागले. "का जी, आज इकडे? आमी पाच जन हाव. तलाव पायतो अन् वापस जातो. तुमी बी जा आपल्या कामानं. उन होऊन रायलं." आवाज ना चढा ना मऊ. मी गमछा दोन्ही मुठींत धरून मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेत होतो. बऱ्याच वेळाने वाघ उठला, अंग ताणलं आणि गवतात उतरला. तो गेल्यावर डोमाजी खाली बसले. हात इतके थरथरत होते की तंबाखूची डबी उघडेना. पाहुण्यांसमोर ते त्यांनी लपवलंही नाही.

"वाघाले पाठ नाही दाखवाची," ते म्हणाले. "उभं राहाचं. डोळ्यात पाहाचं. बोलत राहाचं. अन् भेत राहाचं. भेव गेलं का मानूस गेला."

त्या दिवशी मी विचारलं, "सगळ्यांना विचारता, डोमाजी. तुम्हाला कशाचं भेव लागतं?"

"सांगीन कवातरी," ते म्हणाले आणि चपलांकडे चालू लागले.

मला वाटे, भित्र्याला पुढे घेणं हा त्यांचा मोठेपणा. घाबरट माणसाला आधार द्यावा, त्याला कमीपणा वाटू नये, म्हणून केलेली युक्ती. हे मी पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगतही असे. ते तसं नव्हतं हे मला सारसांमुळे कळलं.

कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं होती. सारसांची जोडी अगदी जवळ उतरली होती. सारस ओरडतो तेव्हा छातीत घुमतं. दोघं मिळून ओरडले की गाव जागं होतं. डोमाजी बांधावर त्यांच्याकडे पाठ करून तंबाखू मळत बसले होते. जोडीने माना वर केल्या आणि जी काही आरोळी ठोकली, तिने एका पाहुण्याच्या हातातलं लेन्सचं झाकण चिखलात पडलं. मी स्वतः दचकून उठलो. डोमाजींचा अंगठा तळहातावर फिरत होता तसाच फिरत राहिला.

मी त्यांच्या मागे गेलो. "डोमाजी." काही नाही. "डोमाजी!" अंगठा फिरतोच आहे. मग माझी सावली त्यांच्या हातावर पडली, आणि ते असे उसळून उठले की तंबाखू सगळी मातीत गेली. तो चेहरा मी विसरलेलो नाही. वाघापुढेही तो तसा झाला नव्हता. नजर पहिल्यांदा माझ्या मागे गेली, मग माझ्या ओठांवर आली.

"कधीपासून?" मी विचारलं.

नाकारावं की नाही याचा त्यांनी थोडा विचार केला असावा. मग म्हणाले, "डावा कान त जुनाच बंद हाय. उजवा दोन सालांपासून."

 दोन वर्षं. म्हणजे ती डॉक्टरीणबाई, ते अस्वल, तो वाघ. या माणसाला पाचोळा ऐकू येत नव्हता, खोकला ऐकू येत नव्हता, माझी किंकाळीसुद्धा ऐकू आली नसती. त्यांना ऐकू येत होतं ते फक्त मनगटावर. जो जास्त भितो तो आधी ऐकतो, म्हणून त्याला जवळ ठेवायचं. आम्ही त्यांच्या आधाराने चालत नव्हतो, ते आमच्या भीतीच्या आधाराने चालत होते. आणि माणसांना त्यांच्या मागे लावून देणारा मी होतो.

"कोनाले सांगू नोका, भाऊ," ते म्हणाले. मला ते 'फोटूवाले भाऊ' म्हणत, त्या दिवशी नुसतं भाऊ. "जंगल बंद होईन माझं. घरी खाटेवर बसलो का कोन आलं, कोन गेलं, काही समजत नाही. दिवसभर मांगं पाहत राहतो. इथं तरी हाताले गमछा राहते."

मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. धंद्याचं कारण होतंच, खोटं कशाला बोलू. पण खरं कारण हे की दुसऱ्या कोणाच्या मागे चालायची माझी हिंमत नव्हती. मी एवढंच ठरवलं की यापुढे ते टोक कायम माझ्याच हातात राहील. माझ्याहून भित्रा कोण मिळणार होता?

तो हिवाळा मी कसा काढला ते मला माहीत. पूर्वी मी माझ्यापुरता भीत असे, आता सगळ्यांच्या वाटचं भ्यायचं होतं. पान पडलं, ओढला. खार पळाली, ओढला. प्रत्येक वेळी डोमाजी थांबणार, हात वर करणार, रांग थिजणार, आणि समोरचा पक्षी उडून जाणार. पाहुणे वैतागत. डोमाजी कधी चिडले नाहीत. वळून माझ्या तोंडाकडे बघत, मी मान हलवून काही नाही म्हणे, आणि ते म्हणत, "चालते. ओढत जा."

त्याच सुमारास आमच्या भागात हत्ती आले.

आमच्याकडे हत्ती नसतो. वाघ असतो, बिबट असतो, अस्वल असतं, त्यांचे नियम आईच्या दुधाबरोबर मिळतात. हत्ती आम्ही पाहिला तो सर्कशीत, नाही तर देवळाच्या भिंतीवर. त्यामुळे पूर्वेकडून कळप आला तेव्हा लोकांनी जे केलं ते आमचेच लोक करू जाणोत. नारळ घेऊन गेले. कुंकू घेऊन गेले. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभं राहून हात जोडले. माझ्या स्टुडिओत माणसं हत्तीचा मोबाइलवरचा धूसर फोटो घेऊन येत आणि फ्रेम करून मागत, देवघरात ठेवायला. मी करूनही दिल्या. मग धान तुडवलं गेलं, घरांच्या भिंती पडल्या, एका गावात माणूस गेला. तरी समोर हत्ती दिसला की आमच्या माणसाचे हात आधी जुळत, पाय नंतर हलत.

"हे जनावर मले येत नाही, भाऊ," डोमाजी मला म्हणाले. "वाघाचं भेव आज्यानं देल्लं. अस्वलाचं बापानं देल्लं. याचं कोनी देल्लंच नाही."

"म्हणजे भीती वाटत नाही?"

"नाही ना. देव वाटते. तेच त वाईट हाय."

हत्ती दाखवा, असं पाहुणे विचारू लागले होते. आम्ही दोघांनीही कधी हो म्हटलं नाही. वनखात्याची मनाई होती आणि आमची स्वतःची वेगळी. पौषात मुंबईचे चार जण आले. त्यात एक निवृत्त साहेब होते, तोंडाने जरा तिखट. कळप दूर इटियाडोहच्या अंगाला आहे असं कळलं होतं, म्हणून आम्ही गावच्या तलावावर बदकं दाखवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी मी गमछा तीनदा ओढला. एकदा म्हैस निघाली, एकदा सागाचं पान, आणि एकदा साहेबांचंच पोट वाजलं होतं. साहेब म्हणाले, "तुम्ही गाइड आहात की पेशंट?" सगळे हसले. मीही हसलो. हसलो, पण ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. पाळीवर पाच पावलांपुढचं दिसत नव्हतं. डोमाजींनी मोहाखाली चपला काढल्या, मनगटाला गमछा गुंडाळला, टोक मला दिलं. आम्ही निघालो. पाळीच्या साधारण मध्यावर डावीकडे, जंगलाच्या अंगाला खाली, एक फांदी कडकन मोडली. एकच. मग एक श्वास. टायरमधली हवा हळूहळू सोडावी तसा लांब.

माझी मूठ आवळली.  आणि नेमके मागून साहेब खाकरले.

म्हैस असेल, मी स्वतःला सांगितलं. गमछा ओढला नाही.

माझ्या अख्ख्या आयुष्यात मी एकदाच भीती लपवली, ती तेव्हा.

दहा-बारा पावलं गेलो असू. समोरचं धुकं काळं झालं. बस, एवढंच झालं. पावलाचा आवाज नाही, माती हलली नाही. डोमाजींच्या अनवाणी पायालासुद्धा काही समजलं नसावं. धुक्याला सुळे फुटले आणि हत्ती पाळीवर उभा होता.

डोमाजी थांबले. पाय रोवले. मान वर करून त्याच्या डोळ्यात बघितलं आणि बोलायला लागले. "का जी, आज इकडे? आमी सहा जन हाव..."

मागे सगळे ओरडत होते. "पळा! डोमाजी, पळा!" मी ओरडत होतो. ते वळले नाहीत. हत्तीचे कान पसरले. डोमाजी बोलतच होते, त्याच शांत सुरात, वाघाशी बोलत तसे, आणि मला दिसत होतं की हे चुकतं आहे, सगळं चुकतं आहे, हा वाघ नाही. हत्तीने एक पाऊल टाकलं. आणि डोमाजींनी हात जोडले.

हात जोडायला त्यांनी डावं मनगट वर उचललं, तसा गमछा ताणला गेला आणि माझ्या मुठीला झटका बसला. मला जाग आली म्हणा. मी दोन्ही हातांनी, सगळं अंग मागे टाकून, पाण्याच्या बाजूला ओढलं. डोमाजी माझ्यावर आले आणि आम्ही दोघं दगडांवरून गडगडत खाली गेलो. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, तो मी ऐकला, त्यांनी नाही.

पडताना दोघांच्या हातून सुटलेला गमछा वर पाळीवरच राहिला. हत्ती त्याच्यापाशी आला. सोंडेने उचलला, वास घेतला, खाली टाकला आणि पायाखाली घोळवत राहिला. आम्ही छातीइतक्या पाण्यात, वेलींमध्ये, पौषाच्या थंडीत. डोमाजी कण्हत होते. किती मोठ्याने कण्हतो आहोत हे त्यांना कळत नव्हतं. मी त्यांच्या तोंडावर हात दाबून धरला. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते, कारण वर काय चाललं आहे ते त्यांना फक्त तिथेच वाचता येत होतं. तिथे काय लिहिलेलं होतं कोण जाणे. हत्ती कधी गेला तेही मला कळलं नाही. गेला नसेल असं वाटून आम्ही कितीतरी वेळ तसेच होतो.

पाहुणे मागे पळाले होते, सगळे सुखरूप. गावातली माणसं घेऊन तेच परत आले. डोमाजींना खाटेवर घालून आणलं. शेवंताबाई पहिल्यांदाच हसत नव्हत्या. साहेबांचा एक बूट गेला होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आम्ही एवढे ओरडलो. त्यांना ऐकू येत नाही का?"

मी नजर वळवली. पण डोमाजी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही येत," ते म्हणाले.

साहेब रागावले नाहीत. हळू आवाजात विचारलं, "मग आम्हाला नेत कोण होतं?"

डोमाजींनी माझ्याकडे बोट केलं. "हे भाऊ. यायच्या कानानं."

मला तिथे उभं राहवेना.

डोमाजींच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. गोंदियाच्या दवाखान्यात मी रोज जात असे आणि रोज न बोलता परत येत असे. शेवटी एका दुपारी खाटेजवळ बसून, ओठ नीट दिसतील असा, सावकाश म्हणालो, "मी ऐकलं होतं, डोमाजी. फांदी मोडली ती. मी ओढलं नाही."

त्यांनी विचारलं, "काऊन?"

"लाज वाटली."

"भेवाची?"

मी मान हलवली. मला वाटलं आता तोंड फिरवतील. ते म्हणाले, "मी गेलो असतो त चालते. म्हातारा मानूस. मांगं चार जन होते, भाऊ. पुन्हा लाजू नोका." आणि माझ्या हातावर हात ठेवला. मी रडलो. पलीकडच्या खाटेवरचा पेशंट बघत होता, तरी रडलो.

त्यांचं जंगल बंद झालं. ते काठीने चालू लागले, अंगणातून ओसरीपर्यंत. बसायचे भिंतीला पाठ लावून आणि दर थोड्या वेळाने दाराकडे बघायचे. हत्ती अधूनमधून गावाजवळून जात. "हिच्या हाती गमछा देऊन का उपेग?" शेवंताबाईंकडे बोट दाखवून ते म्हणत. "हिले आयकू येते, पन ही भेतच नाही." त्या हसत. त्यांना ते हसणं दिसे.

पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा लोक घेऊन गेलो. जाणार नव्हतो. डोमाजींनीच निरोप धाडला होता. काठी टेकत ते मोहाच्या झाडापर्यंत आले, पाहुण्यांसमोर उभे राहिले, एकेकाच्या तोंडाकडे बघत प्रत्येकाला त्याचं भेव विचारलं. कोल्हापूरची एक शिक्षिका होती, तिने उत्तर देण्याआधीच तिचे डोळे भरले. त्यांनी नवा गमछा काढला, एक टोक माझ्या मनगटाला गुंडाळलं, दुसरं तिच्या हातात दिलं.

"मी पुढे?" मी म्हणालो. "डोमाजी, इथे माझ्याएवढं भिणारं कोणी नाही."

"आजपावतर समोर कोन होता?" ते म्हणाले. "मीच ना? मी का कमी भेत होतो?"

"कशाला भीत होतात? सांगतो म्हणाला होतात."

त्यांनी एकदा खांद्यावरून मागे बघितलं, सवयीने. मग म्हणाले, "मांगं कोनी नसल्याचं."

 मी पाळीवर चढलो. धुकं होतंच. तीस-चाळीस पावलं गेलो असू, मनगटाला झटका बसला. मी थांबलो, हात वर केला. रांग थिजली. शिक्षिकेचा चेहरा पांढरा पडला होता. तिने मानेने मागे खुणावलं. मीही ऐकलं. टक. थोडं थांबून पुन्हा टक. पाळीवरून काहीतरी आमच्या मागून येत होतं.  पळायला सांगावं की उतरायला, हे ठरवेपर्यंत धुक्यातून काठी दिसली, मग अनवाणी पाय, मग डोमाजी.

ते आमच्या मागून चालत आले होते. दर दोन पावलांनी वळून मागे बघत होते, आणि आम्ही थांबलो आहोत हे त्यांना कळलंच नव्हतं. अगदी जवळ आल्यावर आम्ही दिसलो, तसे ओशाळले. हाताने खूण केली. चला, चला.

भाद्रपदात ते गेले, घरीच, तापाने. मी तेव्हा बालाघाटला एका कार्यक्रमाचे फोटो काढत होतो, मला उशिरा कळलं. म्हणून माझ्यापाशी शेवटचं जे आहे ते त्या सकाळचंच. त्यांनी खूण केली आणि मी हात खाली घेतला. मग ते वळले, काठी रोवली आणि आमच्याकडे पाठ, आम्ही आलो होतो त्या वाटेकडे तोंड करून उभे राहिले. आमच्या मागे कोणीतरी होतं. त्यांच्या मागे फक्त आम्ही होतो, आणि आम्ही चालायला लागलो होतो.